शरदातली माशी : ट्राउट आणि सॅमनसाठी गळ कसा निवडतात



दसऱ्याच्या सुट्टीआधी आठवीच्या वर्गात मी एक चपटी डबी आणली होती. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन येथे राहतो, त्याने ती पाठवली होती. डबीत स्पंजच्या पट्टीवर तीस-पस्तीस ‘माश्या’ ओळीने टोचून ठेवल्या आहेत. काही तांदळाच्या कणीएवढ्या, काही करंगळीएवढ्या. काही मातकट, तर काही लालभडक आणि केशरी. या माश्या खऱ्या नाहीत. गळावर दोरा, लोकर, केस आणि पिसे गुंडाळून त्या बनवल्या आहेत. (हात लावू दिला नाही म्हणून काहीजण रुसले होते. पण गळाला उलटा काटा असतो, तो बोटात शिरला की सरळ दवाखानाच गाठावा लागतो.)

मातकट माश्या ट्राउट माशासाठी आणि भडक माश्या सॅमनसाठी, असे मी वर्गात सांगितले. सॅमन समुद्रातून नदीत शिरला की खाणे बंद करतो, हेही सांगून गेलो. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, तो जर खातच नाही, तर माशीला तोंड कशाला लावतो?”

तेवढ्यात घंटा झाली. खरे सांगायचे तर मला हायसेच वाटले. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत मासा शिजत नाही, याची मला कल्पना आहे. त्या पालकांनी निर्धास्तपणे पुढे वाचावे, यात पाककृती नाही.

आधी ही माशी म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याकडे तळ्याकाठी गळ टाकून बसलेले लोक तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या गळाला कणकेची गोळी किंवा गांडूळ असते आणि दोरीला शिशाचा तुकडा. त्या तुकड्याच्या वजनाने दोरी लांब जाते. कृत्रिम माशीला मात्र वजनच नसते, फुंकर मारली तरी ती उडेल. म्हणून येथे दोरीच जाड आणि जड घेतात. काठी मागे-पुढे हलवून ती दोरी हवेत उलगडतात आणि दोरीच्या टोकाला बांधलेली माशी पाण्यावर अलगद उतरते. ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिणारा ईलियन नावाचा एक रोमन लेखक होऊन गेला. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून, तिला कोंबड्याची दोन पिसे बांधून मासे धरतात, असे त्याने नोंदवले आहे. खरी माशी का लावत नसत? कारण ती हाताचा स्पर्श होताच रंग गमावते, असे तो सांगतो.

आता ट्राउट. हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. तो मूळचा आपला नव्हे. इंग्रजांनी त्याची अंडी बर्फात घालून आगबोटीने आणली. पहिली खेप वाया गेल्यावर १९०० साली दुसरी काश्मीरला नीट पोहोचली आणि श्रीनगरजवळ हारवन येथे तिच्यातून पिले निघाली. काश्मीरमधून तो कुलू खोऱ्यात गेला. दक्षिणेत निलगिरीवरही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची दुसरी जात, रेनबो ट्राउट, रुजली.

ट्राउटचे पोट मुख्यतः किड्यांवर भरते. या किड्यांचे आयुष्य गमतीचे असते. मेफ्लाय नावाचा नाजूक कीटक पाण्याखाली दगडाला चिकटून महिनोन्‌महिने, कधी वर्षभर वाढतो. मग एखाद्या दुपारी पृष्ठभागावर येतो, कात टाकतो, पंख पसरतो आणि उडतो. पंख फुटल्यावर त्याला खाण्यासाठी तोंडच उरलेले नसते. एक-दोन दिवसांत अंडी घालून तो मरतो. कॅडिस नावाचा दुसरा कीटक वाळूचे कण आणि काड्या चिकटवून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधतो आणि ते घर ओढत फिरतो. चतुराची पिलेसुद्धा पाण्याखालीच वाढतात. म्हणजे हवेत उडणारी माशी ही माशाच्या जेवणातला थोडासाच भाग. त्याचे बहुतेक जेवण पाण्याखाली होते. नवखा माणूस नेमका येथेच चुकतो, कारण त्याला फक्त पृष्ठभाग दिसतो.

मीही चुकलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझे मेहुणे सैन्यात हिमाचलकडे होते. सप्टेंबरच्या शेवटी त्यांच्याबरोबर मी तीर्थन नदीवर गेलो. रीतसर परवाना काढला, काठी उसनी घेतली आणि डबीतल्या सर्वांत देखण्या माश्या निवडून दोन दिवस पाण्यावर नाचवल्या. एकही मासा फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी गावातले एक वयस्कर गृहस्थ माझी फजिती पाहत काठावर बसले होते. ते उठले, गुडघाभर पाण्यात उतरले आणि एक दगड उचलून त्यांनी उलटा केला. खालच्या बाजूला जिऱ्याएवढी शेवाळी रंगाची पिले वळवळत होती. ते काही बोलले नाहीत. माझ्या डबीतून त्यांनी सर्वांत बारीक, मळकट आणि मी एकदाही हात न लावलेली माशी काढून हातावर ठेवली. अर्ध्या तासात पहिला ट्राउट लागला. त्या दगडाने मला जे शिकवले ते पुस्तकाने शिकवले नव्हते. आधी नदीत काय आहे ते पाहायचे, मग डबी उघडायची.

शरदात नदीत काय असते? उन्हाळ्यातले मोठे कीटक संपत आलेले असतात. उरतात ते बारीक, शेवाळी-करड्या रंगाचे मेफ्लाय. ते ढगाळ, गार दुपारी जास्त निघतात. म्हणून या दिवसांत माशीचा आकार लहान करत जातात. येथे गळाच्या क्रमांकाची थोडी गंमत आहे. शिवणकामाच्या सुईप्रमाणे क्रमांक जितका मोठा तितका गळ बारीक. उन्हाळ्यात १२ किंवा १४ नंबर चालतो, शरदात १८ किंवा २० पर्यंत उतरावे लागते. त्याच वेळी काठावरचे गवत वाळू लागलेले असते आणि वाऱ्याने नाकतोडे व मुंग्या पाण्यात पडतात. थंडीची पहिली कडाक्याची रात्र येईपर्यंत त्यांच्यासारखी माशी उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये सप्टेंबरात लांब पायांचा, डासासारखा दिसणारा पण निरुपद्रवी असा एक कीटक फार होतो. तो धडपडत पाण्यावर आपटतो, म्हणून तिकडच्या डब्यांत लोंबते पाय असलेली एक माशी हमखास असते. आपल्या डबीतही ती आहे, दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी. उत्तर अमेरिकेत तर सॅमनची अंडी प्रवाहाबरोबर वाहून येतात आणि ट्राउट ती टिपत मागे मागे फिरतो. तिथे शरदातली ‘माशी’ म्हणजे लोकरीचा नारिंगी मणी! याखेरीज छोट्या माशासारखी दिसणारी लांबट माशी असते. या दिवसांत मोठा नर ट्राउट चिडखोर होतो आणि हद्दीत आलेल्या लहान माशावर तुटून पडतो.

माशीला एवढे बारीक तंतू का लावतात, हेही एकाने विचारले होते. दहावीच्या मुलांना याचे उत्तर प्रकाशाच्या अपवर्तनाच्या धड्यात सापडेल. पाण्याचा क्रांतिक कोन सुमारे ४८.६ अंश असतो. त्यामुळे पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सगळे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. त्या खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या साधारण सव्वादोन पट असतो. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर खिडकी ६८ सेंटिमीटरची. खिडकीच्या बाहेर पूर्ण आंतरिक परावर्तन होते, म्हणजे तिथे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन तळच दाखवतो. त्या आरशावर माशी येते तेव्हा मासा तिचे अंग पाहत नाही. तिच्या पायांनी पृष्ठभागावर पडलेले बारीक खळगे तेवढे चमकताना त्याला दिसतात. माशी बनवणारे जे आडवे तंतू लावतात ते या पायांच्या खळग्यांसाठी. रंग नंतर दिसतो, माशी खिडकीत आल्यावर. रंगावर पैसे घालवणाऱ्यांनी हे आकडे एकदा मांडून पाहावेत.

पण शरदात ट्राउटची माशी निवडण्याआधी दिनदर्शिका पाहावी लागते. थंडी सुरू होताना ब्राउन ट्राउट अंडी घालतो. मादी शेपटीने खडीत खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. अशा जागी तळाची खडी धुतल्यासारखी फिकट दिसते. तिच्यावर पाय पडला की शेकडो अंडी चिरडतात आणि पाय ठेवणाऱ्याला पत्ताही नसतो. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी आहे ती यासाठीच. स्कॉटलंडमध्ये ब्राउन ट्राउटचा हंगाम ६ ऑक्टोबरलाच संपतो. म्हणजे पावसाळ्यानंतर पाणी निवळते तेव्हापासून बंदी लागेपर्यंतचे दीड महिनाभराचे दिवसच काय ते शरदातल्या ट्राउटचे. जिचे पोट अंड्यांनी टचटचलेले आहे अशी मादी गळाला लागली तर ती हळूच सोडून द्यायची, हे तीर्थनच्या त्या गृहस्थांनीच मला सांगितले. त्या दिवशीचा पहिला मासा तसाच होता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

अटलांटिक सॅमन नदीत जन्मतो, लहानपणी तिथेच किडे खाऊन वाढतो, मग समुद्रात जातो. एक ते तीन वर्षे समुद्रात खाऊन-पिऊन पुष्ट होतो आणि आपल्या जन्माच्या नदीत अंडी घालायला परततो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो जेवत नाही. पोट आणि आतडी आक्रसून जातात. अंगातल्या चरबीवर तो कित्येक महिने काढतो. मग त्याला भुलवायला कोणता किडा दाखवणार? दाखवून उपयोगच नाही. म्हणून सॅमनची माशी कोणत्याच किड्यासारखी नसते. ती फक्त नजरेत भरणारी, हलणारी वस्तू असते. तो तिला का धरतो यावर जाणकारांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात लहानपणी किडे टिपण्याची सवय जागी होते. कोणी म्हणतात तो चिडतो. कोणाचे म्हणणे, माशाला हात नसल्यामुळे कुतूहल वाटले की तोंडानेच चाचपावे लागते. मला चिडण्याचे कारण शरदात जास्त पटते, कारण त्या दिवसांत नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वाकतो आणि तो इतर नरांना हुसकावत फिरतो. पण वसंतात आलेला, शांत पडून राहिलेला सॅमनही माशी धरतो, तेव्हा एकच कारण पुरे पडत नाही. तर मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे : तो खाण्यासाठी तोंड लावत नाही. आणि म्हणूनच त्याच्यासाठी माशी निवडताना त्याच्या पोटाचा विचार करायचा नसतो, पाण्याचा करायचा असतो.

पाणी पाहायचे म्हणजे तीन गोष्टी पाहायच्या. एक, ते किती गार आहे. साधारण ९-१० अंश सेल्सियसच्या वर सॅमन लहान माशीसाठी पृष्ठभागाजवळ येतो, त्याहून गार झाले की तो हलायला कंटाळतो, मग मोठी आणि जड माशी खोल त्याच्या तोंडापर्यंत न्यावी लागते. दुसरी, ते किती चढले आहे. पुराच्या पाण्यात दोन इंचांची माशीही लहान पडते, उतरलेल्या नितळ पाण्यात तीच माशी माशाला पळवून लावते. तिसरी गोष्ट रंगाची. स्कॉटलंडमधल्या बऱ्याच नद्या कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या जमिनीतून वाहतात, त्यामुळे त्यांचे पाणी चहासारखे असते. आपल्या इराणी हॉटेलातल्या चहात दूध पडण्यापूर्वी जसा रंग असतो, तसा. अशा पाण्यात निळा प्रकाश लवकर शोषला जातो आणि केशरी-तांबडा जास्त खोल जातो. शरदातल्या सॅमनच्या माश्या केशरी, तांबड्या, पिवळ्या का असतात याचे एक चांगले कारण हे. ‘ॲलीज श्रिम्प’ आणि ‘कॅस्केड’ ही त्यांतली दोन प्रसिद्ध नावे. दोन्ही आपल्या डबीत आहेत. ‘उजळ दिवशी उजळ माशी, अंधाऱ्या दिवशी काळी माशी’ असा तिकडे एक जुना ठोकताळा आहे, पण तो पाळणारे आणि मोडणारे दोघेही मासे धरतात.

ट्वीड नदीवर हा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. परंतु धरलेला मासा घरी नेणारे आता थोडे राहिले आहेत. स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या सॅमनपैकी शंभरातले नव्वदाहून अधिक पुन्हा पाण्यात सोडले जातात. कारण मासाच कमी झाला आहे. ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन २०२३ च्या डिसेंबरात संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत गेला. आपल्या माजी विद्यार्थ्याने पाठवलेल्या बऱ्याच माश्यांचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला आहे, तो सोडताना माशाला इजा कमी व्हावी म्हणून.

या डबीची आणखी एक गोष्ट विश्वस्त मंडळींच्याही कानावर घातली पाहिजे. डबी पाठवण्याआधी त्याने मला फोन केला होता. म्हणाला, “सर, यातल्या काही माश्यांवर रानकोंबड्याचे पीस आहे. पाठवू का?” मी नको म्हटले. त्याने त्या काढून त्यांच्याऐवजी प्लॅस्टिकचे ठिपके लावलेल्या माश्या ठेवल्या.

हे पीस आपल्या सह्याद्रीतले आहे. राखी रानकोंबडा जगात फक्त भारतात आढळतो. महाबळेश्वर, कोयना, आंबोली या बाजूच्या रानात पहाटे त्याची बांग ऐकू येते. नराच्या मानेवरच्या पिसांची टोके मेणाचा थेंब सांडून घट्ट व्हावा तशी चपटी आणि चकचकीत असतात, त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके असतात. इंग्रज साहेबांना त्या ठिपक्यात माशाचा डोळा दिसला. ‘जॉक स्कॉट’सारख्या एकोणिसाव्या शतकातल्या नामांकित माश्यांवर हे पीस हवेच, असे ठरून गेले आणि आपल्या रानातल्या कोंबड्यांच्या माना विलायतेला जाऊ लागल्या. पाळीव नसलेल्या पक्ष्यांची कातडी व पिसे देशाबाहेर पाठवण्यावर सरकारने १९०२ साली बंदी घातली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला देशातही संरक्षण मिळाले. आज तिकडे वापरतात ती पिसे बहुधा तिथेच पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची असतात. तरीही शाळेच्या कपाटात हे पीस आले असते तर ते कुठले आणि कोणत्या पक्ष्याचे, याचा कागद आपण दाखवू शकलो नसतो. म्हणून नको म्हटले.

पिसांचा हव्यास माणसाला कुठवर नेतो पाहा. २००९ च्या जूनमध्ये इंग्लंडातील ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जुनी कातडी चोरीला गेली. चोर माशा बांधणारा एक तरुण विद्यार्थी होता, आणि ती पिसे जुन्या पद्धतीच्या सॅमन माश्यांसाठी विकली गेली. त्यांत ‘इंडियन क्रो’ म्हणून ओळखला जाणारा पक्षीही होता. तो ना भारतीय ना कावळा, दक्षिण अमेरिकेतला आहे! आणि हे सर्व कशासाठी, तर जो मासा जेवतही नाही त्याच्यासाठी. रंगवलेल्या खारीच्या केसांची केशरी माशी तो तितक्याच उत्साहाने धरतो.

वर्गात आणखी एकाने विचारले होते की हुसेनसागरात ट्राउट सोडता येईल का. नाही. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. पाणी २० अंशांच्या वर गेले की ट्राउट अस्वस्थ होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात काय होते हे सांगायला नकोच. शिवाय हुसेनसागराच्या पाण्याबद्दल जितके कमी बोलावे तितके बरे.

मात्र माशीवर येणारा मासा दख्खनमध्ये नाही असे समजू नका. महाशीर आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या नावात ‘खुद्री’ हा स्थानिक शब्द ठेवला. आजही त्याचे नाव तेच, टोर खुद्री. साइक्सने दख्खनच्या आणखीही काही माशांना अशीच इथली नावे दिली, त्यामुळे जगभरच्या ग्रंथांत आपले शब्द जाऊन बसले आहेत. पुढे डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ साली इतर माशांचे खवले खाणाऱ्या एका माशाला चक्क ‘खवलचोर’ असे शास्त्रीय नाव दिले. याच कुलकर्णींनी लोणावळ्याला महाशीराची अंडी आणि पिले यांचा अभ्यास केला. तिथल्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पिले वाढवली. महाशीर किडे खातो, खेकडे खातो, आणि काठावरच्या उंबराची पिकलेली फळे पाण्यात पडली की तीही खातो. म्हणून उंबराखाली त्याला धरायचा तर गळाला उंबरच लावावे लागते. तिकडचा दगड उलटण्याचा धडा इथे मान वर करून झाडाकडे पाहण्याचा होतो, एवढाच फरक.

करून पाहा : दिवाळीत जे विद्यार्थी गावी, मांजरा किंवा गोदावरीच्या काठच्या नातेवाइकांकडे जाणार आहेत, त्यांनी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यातला एक दगड उचलावा. पांढऱ्या ताटलीत थोडे पाणी घेऊन त्यात तो हलकेच विसळावा. ताटलीत जे हलेल त्याला किती पाय आहेत, शेपटीला किती तंतू आहेत, घर करून राहते की मोकळे, ते वहीत काढावे आणि तारीख लिहावी. मग ताटलीतले पाणी परत ओढ्यात सोडून दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवावा. वह्या सुट्टीनंतर विज्ञानाच्या खोलीत आणाव्यात. डबी तिथेच काचेच्या कपाटात आहे, तुमच्या चित्राशी जुळणारी माशी तिच्यात आहे का ते आपण मिळून पाहू.